रेघोट्या

"आई, चुकलो मी." दार उघडताच त्याने म्हातारीचे दोन्ही हात धरले.

म्हातारी काहीतरी बोलायला गेली, पण त्याला रडू फुटलं होतं. ती थांबली. मग बाजूला सरून म्हणाली, "आत तर ये."

अठरा वर्षांपूर्वी तो याच दारातून तणतणत निघून गेला होता. "रेघोट्या मारून पोट भरत नाही," असं आई म्हणाली, एवढंच निमित्त. पुढे त्याच रेघोट्यांनी त्याचं नाव झालं. तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरायचं, आम्लात बुडवायचं, शाई भरून कागदावर छापायचं. चित्रांत बाई एकच. शिवणयंत्रावर वाकलेली, भांडी पुसणारी, बसल्या बसल्या पेंगणारी. सगळी आठवणीतली आई. लोक विचारायचे, आई कुठे असते? तो विषय बदलायचा. पत्र लिहिणं मात्र आज-उद्यावर जात राहिलं. ताईशीही बोलणं तुटलं होतं.

आता त्याला आईला समोर बसवून कोरायचं होतं.

ती खिडकीशी वाटाणे सोलत बसली. मेणाचा थर दिलेल्या पत्र्यावर सुई चालू लागली. गालावरच्या सुरकुत्या बारीक, तुटक. हातांच्या शिरा खोल. शालीच्या लोकरीसाठी आडव्या-उभ्या रेघांची दाट जाळी.

"किती बदललीस गं," तो म्हणाला.

"वय झालं."

"राग गेला का?"

तिचे हात थांबले. "आईचा राग कुठे टिकतो, बाळा."

पूर्वी ती त्याला 'ठोंब्या' म्हणायची. त्याला वाटलं, अजून अढी आहे. जाईल हळूहळू.

पाच दिवस तोच बोलला, साठलेलं सगळं. ती ऐकत राहिली. निघताना तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"ताईकडे जाऊन ये. माझ्याने सगळं बोलवत नाही. ती नीट बोलेल."

पहिला छाप वाळला तसा तो घेऊन ताईच्या दारात उभा राहिला. ताईने त्याला आत घेतलं, पाणी दिलं. मग चित्र उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिली. पदराने डोळे पुसले.

"मावशी हुबेहूब उतरली आहे. तोंडवळा अगदी आईचाच," ती म्हणाली. "चार वर्षं आधी आला असतास ना, तर आईही बसली असती अशी तुझ्यासमोर."