निळी की पांढरी

“तुझी पांढरी आज भंगारात जाणार,” थोरला बॉनेट पुसत म्हणाला. “माझी निळी अठराशे सीसी आहे.”

“सीसी काय चाटायचेत? पिकअप बघ, पिकअप!” धाकटा म्हणाला. “पांढरी सुटते ना, तेव्हा पाठ सीटला चिकटते.”

“निळीचा आवाज तरी येतो का बघ. लोण्यासारखी जाते.”

“पांढरीचाही येत नाही.”

ते मात्र खरं होतं.

घरामागची शेड निम्मी कोसळली होती. उरलेल्या निम्म्यात एकच गाडी मावत होती. शर्यतीत हरेल ती भंगारात, असं भावांनी ठरवलं होतं. पंच म्हणून भंगारवाल्यालाच बोलावलं होतं. माणूस निःपक्षपाती. त्याला कुठलीही चालली असती.

दोन्ही गाड्या वयाने मालकांपेक्षा मोठ्या होत्या आणि मालकांपेक्षा चकचकीत. बायकोला सोबत घेतल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही, हा दोघांचाही नियम होता. गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना या दोघांचं उदाहरण देत.

भंगारवाल्याने दोन्ही गाड्यांभोवती चक्कर मारली. टायरवर लाथ मारून पाहिली. मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या दोघी जावांना त्याने विचारलं, “वहिनी, तुमच्या मते कुठली भारी?”

“त्यांना काय विचारतोस?” थोरला म्हणाला. “बायकांना गाडीतलं काय कळतं!”

“अगदी बरोबर, दादा,” धाकटा म्हणाला. बऱ्याच वर्षांनी भावांचं एकमत झालं होतं.

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने पदर खोचला होता, तो सोडला.

शर्यत पाण्याच्या टाकीपर्यंत होती. दोघं भाऊ गाडीत बसले. थोरल्याने आरसा नीट केला. धाकट्याने हातमोजे चढवले. दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, की वडील असते तर दोघांच्याही कानाखाली वाजवली असती. भंगारवाल्याने शिट्टी मारली.

निळी हलली नाही.

पांढरीही हलली नाही. धाकट्याची पाठ सीटपासून चांगली वीतभर लांब होती.

गल्लीत इतकी शांतता पसरली, की कुणाच्या तरी घरातला कुकर ऐकू आला. थोरल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “अगं, शिट्टी झाली! मार ना धक्का, रोजच्यासारखा!”

मागे कुणीच नव्हतं. दोघी जावा कुंपणाच्या भिंतीवर पाय हलवत बसल्या होत्या.

“माझी येत नाही तर नाही,” धाकटा रडकुंडीला येऊन ओरडला. “वहिनी, निदान तुम्ही तरी या! दादाच्या आधी पोचवा मला!”

भंगारवाल्याने टेम्पोतून दोर काढला. एक काढला, मग थोडा विचार करून दुसराही काढला.

“भाऊजी,” थोरली भिंतीवरूनच म्हणाली, “शर्यत गाड्यांची आहे ना? मग आमचा पिकअप कशाला मोजताय?”