जपलेली बोटं

दादाची व्हायोलिनची बोटं जपायची म्हणून आईने त्याला लहानपणापासून ना कधी सुरी धरू दिली, ना चेंडू झेलू दिला. मी मात्र बेकरीत राबले, केस कापायला शिकले, शिवणकाम केलं, दवाखान्यात रुग्ण सांभाळले. आई कपाळावर हात मारून म्हणायची, "एक ना धड, भाराभर चिंध्या!"

आता ती अंथरुणाला खिळलीय. तिचे केस मी कापते, गाऊन मी शिवते, सूप मी करते, कूसही मीच बदलते.

काल दादा कार्यक्रमांचा दौरा अर्धवट टाकून आला आणि दारातच थबकला. "मी काय करू गं हिच्यासाठी?"

त्याला येत होतं ते एकच, आणि औषधांनी आईला केव्हाच बहिरं केलं होतं.

शेवटी त्याने सुपाची वाटी उचलली आणि चमचा तिच्या ओठांपाशी नेला.



आईने घाईघाईने त्याचा हात बाजूला सारला. "राहू दे, राजा. गरम आहे, बोटं भाजतील तुझी."