सातशे साठ दिवस

सूर्य समुद्राला टेकला आणि दासिलने वेधशाळेचा घुमट उघडायचं बटण दाबलं.

"एवढ्यात?" स्टाइनने विचारलं. बेल्जियमहून दहा रात्रींसाठी डोंगरावर आलेला हा विद्यार्थी लोणी लावलेल्या पावावर चॉकलेटचा चुरा पसरत होता. "माझा पहिला तारा यायला अजून तास आहे."

"त्याच्या आधी माझा. वीस मिनिटं दे."

तिने पुढे केलेला ताऱ्याचा क्रमांक त्याने वाचला. "हा? हा तर यादीतून काढलाय. म्हातारा तारा, भोवती फिरणारा एक छोटा जोडीदार. काही घडत नाही तिथे. तीन वर्णपट सोडले तर, पण ते..." तो थांबला.

"बोल की. ते माझ्या बाबांनी घेतलेत."

पडद्यावर तिन्ही वर्णपटांपुढे तोच शेरा होता: निरीक्षकाची चूक. वापरू नये. तिचे बाबा एवेलिओ दुर्बीण चालवत याच खुर्चीत सव्वीस वर्षं बसले. फेब्रुवारीत ते गेले, आणि खुर्ची तिच्याकडे आली.

दासिलने खिशातून त्यांची वही काढली. तीन तारखांवर खूण होती. पहिलीपुढे लिहिलं होतं, 'आकाश स्वच्छ.' पुढच्या दोन्हींपुढे, 'आकाश स्वच्छ. मी जागा होतो.'

"मधले दिवस मोज."

स्टाइनने मोजले. "सातशे साठ. मग पंधराशे वीस. दुप्पट."

"मधल्या खेपेला आफ्रिकेची धूळ आली होती. घुमट बंद होता."

"आणि तिसऱ्यानंतर आजचा दिवस..."

"सातशे साठावा."

त्याने पाव खाली ठेवला. "जोडीदार पुढून जात असेल तर," तो सावकाश म्हणाला, "म्हाताऱ्याने टाकलेला वायू तो स्वतःभोवती गोळा करतो. चकती होते. त्यातला थोडा वर आणि खाली जोरात फेकला जातो, कारंज्यासारखा. कारंजं आपल्याला दिसत नाही. पण ते म्हाताऱ्याच्या समोर आलं, की वर्णपटातल्या हायड्रोजनच्या लाल रेषेतला प्रकाश खातं. फक्त तेवढे दिवस."

"बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. स्वतःला झोप लागली नव्हती, एवढंच माहीत होतं."

"आणि आज काही नाही निघालं तर?"

"तर शेरा खरा."

"पुढच्या फेरीला परत बघता येईल."

"फेरी दोन वर्षं आणि एक महिन्याची. पुढच्या खेपेला तारा सूर्याआड. त्याच्या पुढच्याही. सरक, आणि तो चुरा माझ्या कळफलकावर सांडू नकोस."

अंधारू लागलं तेव्हा तारा पश्चिमेला, दुर्बिणीला झुकता येईल त्या हद्दीच्या जरासा वर होता. तिने तो धरला. वीस मिनिटं ती पडद्यावरचा ठिपका जागेवर ठेवत राहिली. स्टाइनने दोनदा कॉफी विचारली, दोनदा तिने नकारार्थी मान हलवली. घंटी वाजली.

वर्णपट उमटला. लाल रेषेच्या डाव्या अंगाला खोल खाच होती.

स्टाइनने जुने तीन वर्णपट त्याच्यावर ठेवले. चारही खाचा एकमेकींत बसल्या.

"एवेलिओ साहेबांनी..." त्याने मेल उघडला. "मी आत्ताच माझ्या प्राध्यापकांना लिहितो. ते शेरे आज काढून टाकायला लावतो."

"आधी तुझं काम कर. तुझा तारा उगवलाय."

त्याने दुर्बीण पूर्वेकडे वळवायला घेतली. वर घुमट घरघरत फिरू लागला. दासिलने वही मांडीवर घेतली, बाबांच्या तिसऱ्या नोंदीखाली आजची तारीख घातली आणि लिहिलं, 'आकाश स्वच्छ. मी जागी आहे.'