काजळी

"अण्णा, माझं इंजिन कुठंय?"

"देवघरात," आजोबा म्हणाले.

आठवडाभर खपून मी ते वीतभर मॉडेल मळवलं होतं. टेबलावरच्या माझ्या सावरखेडा-गोठणवाडी या मनातल्या लाइनीवर चकचकीत लाल डिझेल शोभलंच नसतं, म्हणून मी वाफेचं काळं इंजिन निवडलं. बॉयलरवर तांबड्या खडूच्या भुकटीचा गंज, धुराड्याला पणतीची काजळी, टाकीवर पाण्याचे पांढरट ओघळ. जन्मभर राबल्यासारखं दिसत होतं अगदी! दुपारी प्रदर्शन होतं, आणि पहिला नंबर माझाच, असं मी अख्ख्या वर्गाला ठणकावून सांगून बसले होते.

देवघरात इंजिन लखलखत होतं. शेजारी रॉकेलचं फडकं पडलं होतं, माझ्या गंजानं माखलेलं.

"आज खंडेनवमी ना? रेल्वेत होतो तेव्हा शेडमध्ये आम्ही पूजेआधी इंजिन पुसून आरशासारखं करायचो. तुझं किती गं घाण झालेलं! लोक म्हणतील, ड्रायव्हर आळशी आहे." अण्णा खुशीत हसले.

धुराड्याला बोटाएवढा हार होता, झेंडूची एकेक पाकळी ओवून केलेला. अण्णांच्या थरथरत्या हातात हल्ली चहाचा कपही ठरत नाही. सुईत दोरा तरी कसा घातला असेल त्यांनी?

प्रदर्शनाला जेमतेम दोन तास उरले होते. वक्तृत्वाची ढाल जिंकलेलं माझं तोंड मी उघडलं. खूप खूप ओरडायचं होतं.

"अण्णा," मी म्हणाले, "नारळ फोडायचा राहिलाय."