साडेसतरा अंश

"साडेसतरा अंश, साइनचा लॉग," देवाजींनी वाचलं. "नऊ पूर्णांक चार, सात, आठ, चार, एक."

समोर बसलेल्या मायानं हातातल्या कागदाकडे पाहिलं. संगणकानं काढलेला आकडा एक-चारवर संपत होता. तिनं मान किंचित उंचावली. वडिलांपुढच्या त्या लॉगच्या कोष्टकांच्या दोनशे वर्षं जुन्या पुस्तकातही एक-चारच छापलेलं होतं.

"बरोबर," ती म्हणाली.

देवाजी क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले. "दमली का वं?"

"नाही, बाबा."

भूमापन खात्यातून निवृत्त झालेल्या देवाजींना या पुस्तकातल्या छपाईच्या चुकांची यादी करून ती ग्रंथालयाला द्यायची होती. ते वाचत, माया ताडून पाही. थंडी सुरू झाल्यापासून मात्र ते मधूनच एखादा आकडा भलताच वाचू लागले होते. आजोबा शेवटी स्वतःचं नाव विसरले होते. बाबांनाही तीच धास्ती. वाचण्यात आपली एक जरी चूक निघाली तरी पुस्तक कायमचं बंद, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. म्हणून माया प्रत्येक वेळी बरोबर म्हणायची, आणि रात्रभर तिला झोप लागायची नाही.

आज तर त्यांनी टेबलावरचा दिवाही तिच्याकडे सरकवला. स्वतः अंधारात बसून अजूनच चुकणार, तिच्या मनात आलं.

चारला त्यांनी चपला घातल्या. डोळ्यांच्या डॉक्टरकडे उद्याचा नंबर लावून येतो, म्हणाले. मायाचा जीव थोडा भांड्यात पडला. डोळेच असतील. डोकं नसेल.

सकाळी ती चहा घेऊन गेली, तेव्हा ते उठले नाहीत.

बाबांच्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाला आलेले पाहुणे कोराडीच्या बसनं परत गेल्यावर, यादी आपणच पुरी करावी म्हणून तिनं त्यांची वही उघडली. पहिल्या पानावर कामाची रीत लिहिली होती. वाचणाऱ्यानं अधूनमधून एखादा आकडा मुद्दाम चुकवावा; तपासणारा नीट बघतो की नाही, ते कळतं.

खाली तारखा होत्या. प्रत्येक तारखेपुढे मुद्दाम चुकवलेला आकडा, आणि त्यापुढे एकच शेरा: माया म्हणाली बरोबर.

शेवटची नोंद साडेसतरा अंशांची. तिथेच दवाखान्याची चिठ्ठी टाचलेली होती. रुग्णाचं नाव, माया देवाजी गजभिये. खाली त्यांच्या अक्षरात: पोरीले आकडे दिसत नाहीत, मले सांगायले भिते.

मायानं पुस्तक त्यांच्या रिकाम्या खुर्चीपुढे उघडून ठेवलं.

"चूक, बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. "एक-चार."