कुलूपवाल्याचा परवाना

कुलूपवाले काका चार नंबरच्या खिडकीशी आले, तेव्हा मुख्य कार्यालयातून आलेले तपासनीस नेमके खिडकीमागच्या कारकून बाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते.

बाईंनी एकवार तपासनिसांकडे पाहिलं.

"नूतनीकरण," काकांनी नेहमीसारखा अर्ज आत सरकवला. वर नीट घडी केलेल्या नोटा. "एक्केचाळीस वर्षांत एकदाही उशीर नाही, बाई."

"माहीत आहे ना काका."

बाईंनी तळच्या खणातून जुनं पावतीपुस्तक काढलं, पावती लिहिली, शिक्का मारला. काकांनी पावती सदऱ्याच्या खिशात जपून ठेवली आणि कठड्याला धरत ते जिना उतरून गेले.

तपासनिसांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मॅडम, कुलूपवाल्यांचा परवाना कर माफ होऊन तीन वर्षं झाली. मग ही पावती कसली?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. बाईंनी सगळं सांगून टाकलं.

छोट्या धंद्यांच्या परवान्यांतून राज्याच्या तिजोरीत जेवढं पडायचं, त्याहून जास्त अर्ज छापण्यात जायचं. म्हणून सरकारने ते कर एका फटक्यात रद्द केले. छत्री दुरुस्त करणारे सुटले, सुऱ्यांना धार लावणारे सुटले, कुलूपवालेही सुटले. जिन्याखालच्या काचेच्या फलकात तशी सूचना लागली आणि खिडकीपुढची रांग आटली. पुढच्याच महिन्यात काका मात्र अर्ज घेऊन हजर. नजर अधू झालेली, त्यांनी सूचना वाचली नसणार. बाई सांगायला गेल्या, पण जीभ रेटेना. दुकान म्हातारपणामुळे कधीच बंद पडलं होतं. ऐट म्हणून एवढा परवानाच काय तो उरला होता.

"आणि पैसे?"

"त्याच दिवशी त्यांच्या लेकीच्या हातात नेऊन देते. छदामही ठेवत नाही मी."

तपासनीस माणूस वाईट नव्हता. त्यांनी पेनाला टोपण लावून टाकलं.

"तुमच्या मनात काय आहे ते कळतंय मला. पण सरकारी शिक्क्याची खोटी पावती आहे ही. नोकरी जाईल तुमची. दुपारच्या सुट्टीत जा, त्यांना खरं काय ते सांगा आणि पावती परत आणा. तोवर मी काही लिहीत नाही."

बाई निघाल्या. वाटेत दहा वेळा वाक्यं जुळवली, दहा वेळा मोडली. बातमी ऐकून काका खचले तर? नोकरीपेक्षा त्यांना त्याचीच धास्ती जास्त वाटत होती.

दोन खोल्यांचं घर. लेक शिवणयंत्रावर बसली होती. बाईंचा चेहरा बघून तिने पाय थांबवले. आतल्या खाटेवर काका पाठ टेकून बसले होते.

"काका, तुमचा कर माफ झालाय," बाई दारातूनच एका दमात बोलून गेल्या. "तीन वर्षांपूर्वीच. मी तुम्हाला फसवत आले." आणि त्यांना रडूच कोसळलं.

काकांनी खिशातली पावती काढून त्यांच्या हातात दिली.

"बसा आधी. पाणी प्या." मग घसा खाकरून ते म्हणाले, "ती सूचना लावायची होती ना, तेव्हा फलकाचं कुलूप उघडेना. तुमच्या कचेरीतल्या शिपायाने मलाच बोलावून नेलं होतं. सगळ्या गावाच्या आधी मी वाचली ती."

बाईंनी लेकीकडे पाहिलं. ती मान खाली घालून हसत होती.

"तुम्ही पैसे हिला देता, ही मला देते, वर्ष झालं की मी तुम्हाला देतो," काका म्हणाले. "तीन वर्षं त्याच नोटा फिरताहेत, बाई."

"पण का, काका?"

"शिपाई बोलून गेला होता, ज्या खिडकीवर वर्षभर कुणी फिरकणार नाही, तिथलं माणूस घरी पाठवणार म्हणून. तुमचे यजमान नुकतेच गेले होते, पदरात दोन लहान मुलं. म्हटलं, तुमच्या खिडकीला एक तरी गिऱ्हाईक हवं."