पांढऱ्या घळीतली हाडं

मारेन घळीत उतरली ती टोपीमागे. सकाळच्या वाऱ्याने टोपी उडवली होती. ती वर आली तेव्हा टोपी तिच्या हातात नव्हती.

"एताबो, खाली कवटी आहे," ती धापा टाकत म्हणाली. "माणसाची."

तुर्काना सरोवराच्या त्या उजाड काठावर आदिमानवाची हाडं शोधायला शिकण्यासाठी दरवर्षी परदेशातली मुलं येत. मारेन डेन्मार्कची. शिकवायला नैरोबीच्या डॉक्टर वाइरिमू होत्या. पण नजर खोदकामावरच्या तिथल्याच एताबोची. दगडांच्या राशीतून नखाएवढं हाड तो चालता चालता उचलायचा.

ही नजर त्याने भावापायी कमावली होती. अकरा वर्षांपूर्वी पलीकडच्या टोळीने शेळ्या पळवल्या. थोरला एबेई त्यांच्या मागावर गेला आणि परतलाच नाही. त्याला जाताना पाहिलं ते एकट्या अकुवामने, त्याच्या बायकोने.

रीतीप्रमाणे एताबोने वहिनीला बायको म्हणून आपल्या घरात घ्यायचं. त्याने वडीलधाऱ्यांना साफ सांगितलं, "दादाचं हाड हातात येईपर्यंत माझ्यालेखी तो जिवंत आहे." आणि तो खोदकामावर लागला. महिन्याभरात अकुवामही छावणीत स्वयंपाकाला आली.

"लाखो वर्षांपूर्वीचे पूर्वज सापडतात याला," बरोबरचा लोमुरिया चहा पिता पिता चिडवायचा, "सख्खा भाऊ तेवढा सापडत नाही!"

"जीभ आवर, लोमुरिया," अकुवाम म्हणायची. मग एताबोच्या ताटात मक्याच्या पिठाच्या उगालीचा गोळा वाढताना हळूच विचारायची, "उद्या कुठे खणणार, भावजी?"

हे विचारणं एकही दिवस चुकलं नाही. तिच्या आशेचं एताबोला ओझं व्हायचं.

पांढऱ्या घळीत मात्र तो कधी उतरला नव्हता. तिथे फुरशांचा सुळसुळाट आहे, आपल्या दोन शेळ्या तिथेच मेल्या, असं अकुवामनेच सांगितलं होतं. मुलांनाही तो तिकडे फिरकू देत नसे.

आज सगळे उतरले. फुरसं काही दिसलं नाही.

डॉक्टरबाई कवटीपाशी वाकल्या आणि लगेच सरळ झाल्या. "ही जुनी नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची असेल. मागून फुटलीय. कोणीतरी पाठीमागून घाव घातलाय."

एताबो गुडघ्यांवर बसला. ब्रशने त्याने थोडी माती सारली. हाताचं हाड वर आलं. मनगटाच्या जरा वर ते वाकडं जुळलेलं होतं. लहानपणी एबेई उंटावरून पडला, तेव्हा काठ्या बांधून होईपर्यंत तो हात एताबोने धरून ठेवला होता.

त्याने ब्रश खाली ठेवला.

"माझा भाऊ आहे," तो म्हणाला.

मारेन रडायला लागली. लोमुरियाने मान खाली घातली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पोलिसांना कळवावंच लागेल. त्यांना यायला संध्याकाळ होईल. तोवर तू अकुवामला सांगून ये."

छावणीपर्यंतचा रस्ता अर्ध्या तासाचा. एताबो मनात वाक्यं जुळवत चालला. घाव मागून बसला, म्हणजे दादाला कळलंही नसेल. हे आधी सांगायचं. तेवढाच तिला दिलासा.

अकुवाम चुलीपाशी पातेल्यात पीठ घोटत होती.

"वहिनी, जरा बसा."

"बोला तुम्ही. पीठ करपेल."

"दादा सापडला. पांढऱ्या घळीत."

तिचा हात थांबला. तिने पातेलं उतरवून ठेवलं, हात पुसले आणि जमिनीवर बसली. आता ती टाहो फोडणार म्हणून एताबो तिच्या शेजारी टेकला. ती रडली नाही.

"त्याला काही कळलंही नसेल, वहिनी. घाव मागून—"

"एकटाच सापडला?"

"हो. एकटाच."

अकुवामने मान हलवली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिचा आवाज थकलेला वाटला.

"मग अजून हातभर खाली खणा, भावजी. ज्या पोरीबरोबर तो मला सोडून चालला होता, तिला आधी टाकलं होतं मी. त्याला तिच्यावर."